देगेवर आलेला आळ

रमजान जवळ आला की आमच्याकडे लग्नांची घाई उडते. रोज्यांच्या महिन्यात निकाह होत नाही असं नाही, पण भर दुपारी दावत कुणाला देणार? म्हणून शाबानमध्ये जमतील तेवढी लग्नं उरकून घेतात. २०१६ साली रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात लागणार होता, त्यामुळे सगळी लग्नं मे महिन्याच्या उन्हात आली. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या बीड जिल्ह्यात गावोगाव टँकर फिरत होते.

त्यातल्या एका लग्नात माझे मामू बावर्ची होते. लग्न नात्यातलंच, गाव माजलगाव तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि पुढं जे झालं ते कुठल्याही गावात झालं असतं.

मामूंविषयी आधी सांगतो. तीस वर्षं त्यांनी देगा चढवल्या. बगारा खाना, दालचा, मटणाचं सालन आणि शेवटी जर्दा, एवढंच त्यांना येत होतं आणि एवढ्यासाठी लोक त्यांना तीन-तीन महिने आधी सांगून ठेवत. त्यांचे काही कायदे होते. मटण कापलेल्या पाटावर कांदा चिरायचा नाही. हाताला जखम किंवा फोड असलेल्या पोराला त्या दिवशी फक्त लाकडं सारायला बसवायचं. आणि देग रिकामी होईपर्यंत निखाऱ्यावरून उतरवायची नाही. लोक म्हणत, मामू फार वहमी आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी मलाही तो वहमच वाटायचा. हे तिन्ही कायदे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात जसेच्या तसे आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

मराठवाड्यातल्या मुसलमानांच्या लग्नात दोन चुली असतात, हे बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. एक आमच्या बावर्चीची. दुसरी गावातल्या हिंदू पाहुण्यांसाठी, तिथला आचारी वेगळा, भांडी वेगळी, मांडव वेगळा. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. यजमान दोन्हीकडं फिरून आग्रह करतो. ही पद्धत कुणी कायदा करून आणलेली नाही, एकमेकांच्या पानाची काळजी म्हणून चालत आली. त्या दिवशीही दोन चुली होत्या. दोन्हीकडं एकच गोष्ट सारखी होती, ती म्हणजे मठ्ठा. ऊन बेचाळीसच्या पुढं. मठ्ठ्याचं एकच मोठं पिंप मांडवाच्या मधोमध ठेवलेलं, त्यात बर्फाच्या लादीचे दगडाएवढे तुकडे, आणि ज्याला हवं त्यानं जग बुडवून न्यावं.

जुहरनंतर निकाह झाला. दोनच्या सुमाराला पंगती बसल्या. संध्याकाळी सगळे खुशीत आपापल्या गावी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या चार वर्षांच्या मुलीला ढाळ लागले. सकाळी वांत्या. नऊ वाजता अंग तापलं, अकरा वाजता डोळे खोल गेले आणि ओठ कोरडे पडले. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथं लग्नातली ओळखीची तोंडं दिसायला लागली. नवरदेवाची आत्या, गावचे एक माजी सरपंच, ट्रॅक्टरवाला, त्याची दोन पोरं. रात्रीपर्यंत अडतीस जण झाले. खाटा संपल्या. माझ्या मुलीची शीर सापडत नव्हती. तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. मूल रडत नाही तेव्हा बापाच्या पोटात काय होतं ते लिहिण्याचं मला जमणार नाही.

मामू रात्री दहाला आले. हातात मोसंब्यांची पिशवी. मी त्यांना सलामही केला नाही. एवढंच विचारलं, "मामू, गोश्त कब का था?"

ते काही बोलले नाहीत. पिशवी खाटेखाली ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आता खरं सांगतो. माझ्या मुलीनं त्यांच्या देगेतला एक घासही खाल्ला नव्हता. तिला तिखट चालत नाही. ती आईबरोबर दुसऱ्या मांडवात बसून बुंदी खात होती आणि मठ्ठ्याचे दोन ग्लास प्यायली होती. हे मला माहीत होतं. मीच तिच्या ओठांवरच्या मठ्ठ्याच्या मिशा पुसल्या होत्या. तरी त्या रात्री माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मटणाचाच.

तिसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली: लग्नाच्या जेवणातून विषबाधा. हा शब्द मराठीत कसा रुजला कोण जाणे, पण त्यानं फार नुकसान केलं आहे. विषबाधा म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं विषाची बाटली येते आणि बाटली ओतणारा हात येतो. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं दगावली, तिथं खरोखरच कीटकनाशक अन्नात गेलं होतं. पण लग्नाकार्यातल्या शंभरातल्या बहुतेक प्रकरणांत विष कुणी आणत नाही. ते आपलं भांडं, आपलं पाणी, आपला हात आणि आपला उशीर मिळून तयार करतात. मराठवाड्यातल्या बायकांचा जुना शब्द ढाळवांती, तो जास्त प्रामाणिक आहे. त्यात फक्त काय होतंय ते सांगितलं आहे, कुणी केलं ते नाही.

चौकटीत बावर्चीचं आडनाव होतं. आचाऱ्याचं नव्हतं, मठ्ठेवाल्याचं नव्हतं, बर्फाच्या कारखान्याचं तर नव्हतंच. दुपारपर्यंत मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागला. शाकाहारी पाहुण्यांच्या जेवणात "त्यांनी" मुद्दाम काहीतरी मिसळलं, अशा अर्थाचा. संध्याकाळी आमच्याकडच्या पोरांनी उलटा मेसेज सोडला, की आचाऱ्यानंच काहीतरी केलं, आपल्याला बदनाम करायला. दोन्ही मेसेज लिहिणाऱ्यांपैकी कुणीही त्या लग्नात जेवलेलं नव्हतं. मामूंना चौकशीला दोन दिवस बोलावलं. त्यांच्या तीन देगा पंचनामा करून एका खोलीत ठेवल्या. तीस वर्षं ज्या माणसाला लोक मांडवात खुर्ची देत, तो दोन दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

या सगळ्यात एकाच व्यक्तीनं डोकं जागेवर ठेवलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एक तरुण डॉक्टर मॅडम. त्यांच्याकडं कुठलंही यंत्र नव्हतं, दोनशे पानी वही होती. त्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन तेच तीन प्रश्न विचारत होत्या. जेवण किती वाजता केलं? पहिला ढाळ किंवा उलटी किती वाजता? आणि काय काय खाल्लं, काय काय खाल्लं नाही? आजारी नसलेल्या नातेवाइकांनाही हेच विचारत होत्या. मला वाटलं, बाई वेळ घालवतायत. मी जरा चिडूनच म्हणालो, मॅडम, तपासणीला नमुना पाठवा ना. त्या म्हणाल्या, "सर, हीच तपासणी चालू आहे."

नंतर त्यांनी मला वही दाखवली. जेवणानंतर तीन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या असत्या, तर संशय हातावरच्या जखमेतून येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर किंवा भातातल्या बॅसिलस सीरियसवर गेला असता. हे जंतू अन्नातच विष तयार करून ठेवतात, म्हणून लगेच त्रास होतो. त्यातलं काही विष उकळूनही जात नाही. मटणाची मोठी देग हळूहळू थंड झाली तर क्लॉस्ट्रिडियम नावाचा जंतू वाढतो. त्यानं रात्रीतून पोटात कळा आणि ढाळ येतात, पण ताप आणि उलट्या सहसा नसतात. इथं बहुतेकांना बारा तासांनंतर, काहींना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झालं होतं, आणि ताप होता. म्हणजे जिवंत जंतू पोटात गेले आणि तिथं वाढले. आणि दोन्ही मांडवांतली माणसं आजारी होती. अडतीसांपैकी पस्तीस जणांनी मठ्ठा घेतलेला होता. मटण खाल्लेले पण मठ्ठा न घेतलेले वीसेक जण त्यांना भेटले, त्यातले दोघेच आजारी.

"म्हणजे मठ्ठा?" मी विचारलं.

"मठ्ठा, किंवा त्यातलं पाणी, किंवा बर्फ. मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पिंप त्याच दिवशी धुऊन ठेवलं. बर्फ तर वितळून गेला."

देगा मात्र सीलबंद होत्या. तळाला चिकटलेला बगारा खाना आणि थोडं सालन नमुना म्हणून गेलं. मे महिन्यातल्या उन्हात तो नमुना किती तास कुठं थांबला ते मला माहीत नाही. कायद्याप्रमाणं प्रयोगशाळेला नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यावा लागतो, पण तो कागद इकडून तिकडून फिरत आमच्यापर्यंत आला तेव्हा अर्धा रमजान होऊन गेला होता. त्यावर लिहिलं होतं, नमुना तपासणीयोग्य स्थितीत नाही. म्हणजे मामू दोषी नव्हते आणि निर्दोषही नव्हते. चौकशी तिथंच थांबली. देगा परत मिळाल्या, आतून गंजलेल्या.

त्या सालच्या ईदनंतर मामूंकडं एकही सुपारी आली नाही. कुणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त फोन आले नाहीत.

मी नंतर या विषयाच्या मागं लागलो. त्यात थोडी विज्ञानाची आवड होती, जास्त करून त्या रात्रीच्या प्रश्नाची लाज. मला कळून घ्यायचं होतं की आमच्यासारख्या ठिकाणी काही तासांत खरं सांगणारी तपासणी असू शकते का.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की जंतू शोधायला वेळ लागतो तो जंतूंमुळं. साल्मोनेलाची पारंपरिक तपासणी घ्या. पंचवीस ग्रॅम अन्न पोषक द्रावात घालून रात्रभर उबेत ठेवायचं, त्यातलं थोडं दुसऱ्या द्रावात, मग तिसऱ्या तबकडीवर, मग खात्रीच्या चाचण्या. पाच दिवस सहज जातात. जंतू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला आधी पोसून कोट्यवधींच्या संख्येत वाढवावं लागतं आणि मग ओळखावं लागतं. एकविसाव्या शतकातल्या बऱ्याच जलद चाचण्या शेवटचा टप्पा जलद करतात. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून पाहिली, दोन रेघा, एक रेघ. तशीच पट्टी साल्मोनेलासाठी, लिस्टेरियासाठी मिळते. पीसीआरनं जंतूची जनुकं ओळखता येतात. पण त्याआधी जंतूंना आठ तास, कधी चोवीस तास वाढू द्यावंच लागतं. तरी पाच दिवसांऐवजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर मिळालं, तर मामूंचा बाकावरचा एक दिवस तरी वाचला असता.

एक चाचणी मात्र खरोखर सेकंदांत होते. काजव्याच्या पोटात जो पदार्थ उजेड पाडतो तोच वापरून. स्वच्छ केलेल्या परातीवर कापसाचा बोळा फिरवायचा, द्रावात बुडवायचा, हातातल्या यंत्रात घालायचा. परातीवर जिवंत पेशींचा किंवा अन्नाचा अंश जितका जास्त तितका उजेड जास्त. मोठ्या हॉटेलांच्या आणि विमानांच्या जेवणघरांत हे चालतं. जंतू कोणता ते सांगत नाही, भांडं नीट धुतलं का एवढंच सांगतं.

आणि मर्यादा सगळ्यांनाच आहेत. आपल्याकडं म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. शिजला की नाही हे पाहायला ती म्हण बरोबर आहे. जंतूंसाठी नाही. शंभर किलोच्या देगेत एका कोपऱ्यात ते असतील आणि माझे पंचवीस ग्रॅम दुसऱ्या कोपऱ्यातले असतील. शिवाय पट्टी ज्या जंतूची, तोच ती ओळखणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेडच्या लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत सुमारे दोन हजार माणसं महाप्रसादानंतर आजारी पडली. त्याच महिन्यात बुलढाण्याच्या लोणार तालुक्यात सोमठाण्याला भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले आणि झाडांना दोऱ्या बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. तो फोटो पाहून मला आमचा दवाखाना आठवला. भगरीत पुष्कळदा बुरशीचं विष असतं. तिथं साल्मोनेलाची पट्टी लावून ती कोरी आली, तर काय, अन्न चांगलं म्हणायचं? म्हणून मॅडमची वही आधी आणि पट्टी नंतर. कोणती पट्टी काढायची ते वही सांगते.

२०२२ च्या मे महिन्यात केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन एक मुलगी गेली. तिथं काही दिवसांतच रुग्णांच्या शौचात शिगेला सापडला आणि मग बोलणं जंतूवर आलं, कोंबडी किती भाजली, किती वेळ ठेवली यावर आलं. गेलेली मुलगी परत आली नाही. पण एकदा जंतूचं नाव कळलं की माणसांची नावं जरा मागं सरतात, एवढं मी त्यावरून शिकलो.

शाळेत माझ्याकडं पोषण आहाराची चव नोंदवहीही आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं खिचडी चाखायची आणि सही करायची. मी रोज करतो. मीठ कमी असेल तर कळतं, करपली असेल तर कळतं. साल्मोनेलाला ना चव ना वास. मुलांना हे शिकवून मी स्टाफरूममध्ये येतो आणि चवीच्या रकान्यात "उत्तम" लिहितो.

माझा एक मित्र आष्टी तालुक्यात दूध संकलन केंद्र चालवतो. त्याच्याकडं सकाळी बसलो होतो. बाई कॅन घेऊन आली, त्यानं दूध यंत्राला लावलं, मिनिटभरात चिठ्ठी बाहेर. फॅट साडेतीन, एसएनएफ साडेआठ. मी विचारलं, यात जंतू किती आहेत ते सांगतं का? तो हसला. "सर, पैसा फॅटवर मिळतो." त्यानं पुढं एक गोष्ट मात्र दाखवली. दहा मिली दुधात एक मिली निळा रंग, मिथिलीन ब्लू, टाकून कोमट पाण्यात उभी केलेली परीक्षानळी. दुधात जंतू जितके जास्त तितका तो निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध फार चांगलं, अर्ध्या तासात उडाला तर टाकाऊ. मोठ्या डेअरीत ही चाचणी कित्येक वर्षं चालत आली आहे. त्याच्याकडं रंगाची बाटली होती, पण धूळ बसलेली. सकाळी शंभर माणसं रांगेत असताना पाच तास रंग बघत कोण बसणार? आपल्याला जिथं एका मिनिटात उत्तर हवं होतं तिथं यंत्र आलं, कारण तिथं पैसे मोजायचे होते. जंतूंचे पैसे कुणी कापत नाही. खरं तर माझ्या अम्मीची चाचणी याहून जलद आहे. दूध तापवायला ठेवते. फाटलं तर म्हैसवाल्याला निरोप जातो.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपण इतके गरीब नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले के. एस. मांजा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली एक साधी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडली. छोट्या निर्जंतुक बाटलीत औषध लावून वाळवलेली कागदाची पट्टी. त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी ठेवायचं. पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. यंत्र नको, वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. आपल्याकडं गावोगाव जलसुरक्षक ही बाटली वापरतात. टीसीएल पावडर टाकली की नाही ते पाहायला ओटी चाचणी आहे, थेंब टाकला की क्लोरीन असेल तर पिवळा रंग. पाण्याचे स्रोत पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्डही मिळतं. म्हणजे ज्या गावात आम्ही जेवलो तिथं ही बाटली बहुधा ग्रामपंचायतीच्या कपाटात होती. टँकर आला, पिंप भरलं, कपाट कुणी उघडलं नाही. मीही नाही.

बर्फाचं तर विचारूच नका. मासे आणि मृतदेह थंड ठेवायला जो बर्फ बनतो, त्यासाठी पिण्याचं पाणी वापरायचं बंधन नाही. तोच बर्फ पोत्यात गुंडाळून सरबतात यायचा. २०१८ मध्ये नियम आला की असा बर्फ निळा रंगवायचा, म्हणजे ग्लासात पडला की लहान मुलालाही कळेल. मला हा नियम फार आवडला. यापेक्षा जलद चाचणी काय असणार? आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी आला. आजही उन्हाळ्यात रसवंतीवर उभा राहिलो की मी आधी लादीचा रंग पाहतो. निळी लादी मला अजून एकदाही दिसलेली नाही, आणि म्हणून सगळा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या हॉटेलांवर मालकांची नावं लावायचे आदेश निघाले, तेव्हा मामू आमच्याकडं आले होते. टीव्ही चालू होता. त्या आदेशांना सर्वोच्च न्यायालयानं २२ जुलैला स्थगिती दिली. मामू बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नाम से क्या मालूम होता? पानी कहाँ का है वो लिखो ना." आपल्या माणसांनाही मी हेच म्हणतो. दावतीला गेलो की आपण पहिला प्रश्न विचारतो, हलाल आहे ना? विचारलाच पाहिजे. पण कुरआनात हलालच्या बरोबरीनं तय्यब हा शब्द आलेला आहे, पाक, स्वच्छ, अंगाला मानवणारं. त्याच्याविषयी बावर्चीला, मठ्ठेवाल्याला, बर्फवाल्याला विचारताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. मस्जिदीसमोर रमजानमध्ये इफ्तारीची फळं कापून दोन-दोन तास उघडी ठेवतात, तेव्हा मीसुद्धा गप्प बसलेलो आहे.

मामूंनी धंदा सोडला, पण घरातल्या लग्नाला ते अजून देग चढवतात. २०१६ नंतर त्यांच्या कायद्यांत एक भर पडली. वाढायला सुरुवात होताना ते प्रत्येक देगेतलं थोडं थोडं उकळत्या पाण्यातून काढलेल्या स्टीलच्या छोट्या डब्यांत भरतात, वर चिठ्ठी चिकटवतात, तारीख आणि वेळ लिहितात, आणि यजमानाच्या फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवायला लावतात. यजमानाला ते अपशकुनी वाटतं. मोठ्या कंपन्यांच्या स्वयंपाकघरांत असेच नमुने राखून ठेवतात, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच शोधलं. मी विचारलं तर म्हणाले, "कल कोई पूछे तो मेरे पास जवाब रहना."

त्या रात्रीच्या प्रश्नाबद्दल मी त्यांची माफी मागितली, पण नीट कधी मागितली नाही. एकदा बसस्टँडवर, गाडी सुटताना, घाईत. त्यांनी हात हलवला. ऐकू आलं की नाही, माहीत नाही.

आता माझ्या पुतणीचं लग्न आहे, शाबानमध्येच. चार वर्षांची होती ती माझी मुलगी आता तेरा-चौदाची झाली आहे. टँकरचं पाणी टाकीत भरलं तेव्हा तिनंच दोन बाटल्या भरून माळ्यावर उबेत ठेवल्या, एक टाकीच्या पाण्याची, एक बर्फ वितळवून. पाण्यात टीसीएल पडली होती का हे आधी पाहायचं असतं, नाहीतर बाटली उगाच कोरी राहते, हे तिनंच मला सांगितलं. मामू दोन दिवस आधीच येऊन राहिले आहेत. कांदा निवडत बसतात.

आज सकाळी फजरनंतर त्यांनी मुलीला हाक मारली.

"बाटली का रंग क्या है बेटा?"

"टाकी की वैसीच है मामू. बर्फवाली नीचे से काली होने लगी."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला आणि मला म्हणाले, मठ्ठेवाल्याला फोन लाव.